दिसेल तो आकडा

कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी, सकाळची पाळी. सीएनसी लेथच्या चकमध्ये ईएन-8 पोलादाचा 45 मिलिमीटर जाडीचा तुकडा धरलाय. त्यावर बेअरिंगची बैठक कातायची आहे. व्यास 40, ड्रॉइंगवरची सूट अधिक 2 ते अधिक 18 मायक्रॉन. म्हणजे सगळा व्यवहार 16 मायक्रॉनच्या आत.

फिनिशिंगचं टूल होल्डरसकट नवं आहे. त्याची धार नेमकी कुठे आहे, हे मशीनला अजून कुणी सांगितलेलं नाही. जुना ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेचा नोंदवलेला आकडा, तसाच ठेवला, तर मशीन तितक्याच विश्वासाने चुकीच्या जागी जाईल.

सेटरमामा आधी मायक्रोमीटर 25च्या मास्टरवर तपासतात. मग शिकाऊ पोराच्या हातात हँडव्हील देतात. "धा पटीवर ठेव. धार जवळ आली की घाई करू नगंस."

स्पिंडल फिरतंय. टूल तुकड्याच्या तोंडावरून मधोमध येतं, बारीक चिप निघते. झेड न हलवता टूल एक्समध्ये बाहेर. ऑफसेटच्या पानावर, भूमितीच्या रकान्यात, तिसऱ्या ओळीवर 'झेड 0' टाकून 'मेजर'चं बटण. आता व्यासाची पाळी. बाहेरून हलका कट, आणि या वेळी एक्सला हात न लावता टूल झेडमध्ये मागे. स्पिंडल थांबतं. मायक्रोमीटर 44.360 दाखवतो, तोच आकडा एक्समध्ये जातो. सोबत नोकेची त्रिज्या 0.4 आणि टोकाची दिशा 3.

तरीही मामा लगेच अंतिम मापाला जात नाहीत. वेअरच्या, म्हणजे बारीक दुरुस्तीच्या, रकान्यात अधिक 0.200 टाकतात. प्रोग्रॅम 40.010 कातायला सांगतोय, म्हणजे पहिल्या खेपेला 40.210 यायला हवं. सिंगल ब्लॉक चालू, रॅपिड पंचवीस टक्क्यांवर, मामांचं बोट फीड होल्डवर. नजर पडद्यावर किती अंतर उरलंय त्याकडे.

कट संपतो. पोरगं घाईने माप घेतं. "चाळीस पॉइंट एकवीस, मामा."

"पायजे ते सांगू नगंस. दिसतंय ते सांग."

तो ओशाळतो. जॉब पुसतो, थोडा निवू देतो. ते थांबणं फुकट नाही: पोलाद दहा अंशांनी तापलं, तर 40 मिलिमीटरचा व्यास साडेचार मायक्रॉनच्या आसपास फुगतो, म्हणजे सुटीचा पाव हिस्सा आणि वर थोडं गेलंच. रॅचेट फिरवून तो दोन जागी माप घेतो. "चाळीस पॉइंट दोनशे चोवीस."

"मग किती जास्त?"

"चौदा मायक्रॉन."

0.200 काढून टाकायचे, वर 14 मायक्रॉन वजा. वेअरमध्ये आता उणे 0.014. इथे एक्स व्यासावर चालतो, म्हणून अर्धं करायचं नाही, हेही पोरगं स्वतःहून सांगतं.

मला या शेडमध्ये सगळ्यात मोलाची वाटते ती ही शिस्त. मशीन मायक्रॉनपर्यंत आज्ञा पाळतं, पण दिलेला आकडा खरा की खोटा, हे त्याला कळत नाही. अचूकतेची सुरुवात मोजणाऱ्याच्या सचोटीपासून होते.

फिनिशिंग कट पुन्हा चालतो. पुसून, थांबून माप: 40.011. पहिल्या जॉबच्या तपासणीपत्रावर मामा पोरालाच आकडा लिहायला लावतात.

"आता चौथं टूल तू लाव," ते म्हणतात. "मी फकस्त बघतो."