पन्नासावा दिवस आणि आपापली बोली



पुनरुत्थानदिनापासून पन्नासावा दिवस म्हणजे पेन्टेकॉस्ट. यहुद्यांचा हा मूळचा गव्हाच्या पहिल्या पिकाचा सण. त्या दिवशी यरुशलेमेत पवित्र आत्मा उतरला, अग्नीच्या जिभा दिसल्या, हे आपण दरवर्षी ऐकतो. पण प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2 सावकाश वाचा. दूरदेशच्या लोकांना नवल वाटले ते गालीलकर माणसे आपल्या जन्मभाषेत बोलतात याचे. आधी आमची भाषा शिकून या, असे त्यांना कुणी म्हटले नाही.

अध्याय 6 मध्ये मात्र त्याच मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलल्याची कुरकुर झाली. (रेशनचे गाऱ्हाणे तेव्हाही होतेच!) मग सात सेवक नेमले, सातांचीही नावे ग्रीक आहेत.

केडगावच्या मुक्ती मिशनात 1905 साली आत्म्याचे मोठे जागरण झाले. त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. मला त्याहून मोठे वाटते ते पंडिता रमाबाईंचे पुढचे काम: हिब्रू व ग्रीक शिकून त्या 1922 मध्ये प्रभूकडे जाईपर्यंत साध्या मराठीत पवित्र शास्त्र आणत राहिल्या.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोलामी, गोंडी, बंजारा बोली घरोघरी आहेत. फुलसावंगीकडच्या तांड्यावरची किंवा पोडावरची आजी उपासनेत मोठ्याने प्रार्थना करते, की मराठी अडते म्हणून गप्प बसते? दवाखान्याची चिठ्ठी तिला कोण समजावतो? येत्या पेन्टेकॉस्टला शास्त्रपाठ आधी तिच्या बोलीत सांगू या, मराठीत नंतर.