श्री समर्थ व्यायाम मंदिर

श्री समर्थ व्यायाम मंदिर ही मुंबईतील दादर येथे शिवाजी पार्क मैदानावर असलेली व्यायामसंस्था आहे. इ.स. १९२५ मध्ये काळे गुरुजी यांनी तिची स्थापना केली. मुलामुलींना दिले जाणारे मल्लखांबाचे शिक्षण ही संस्थेची मुख्य ओळख होय.

पुरलेल्या लाकडी मल्लखांबाला एरंडेल तेल चोळतात. त्यामुळे घर्षण कमी होऊन कातडी सोलवटत नाही. मात्र पकड सैल पडल्यास खेळाडू घसरतो. म्हणून नवशिक्याकडून आधी साधी अढी घोटवून घेतली जाते, उड्या आणि फरारे त्यानंतर. खांबाभोवती गाद्या अंथरलेल्या असल्या, तरी खरी भिस्त शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकाच्या हातावर असते. दोरीच्या मल्लखांबात दोर पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांत धरून चढतात आणि गाठ न मारता आसन बांधतात. वेढा चुकला, तर तो ऐन उंचीवर सुटतो.

संस्थेतील प्रशिक्षक उदय देशपांडे यांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला; पकड स्पर्शानेच कळत असल्याने हा खेळ त्यांना परका ठरत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली विश्व मल्लखांब स्पर्धा शिवाजी पार्कवरच झाली. देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.