मित्राच्या विमानात बसण्याआधी

३० सप्टेंबर २००१च्या दुपारी दिल्लीहून एक किंग एअर सी-९० विमान कानपूरला निघाले. विमान जिंदाल उद्योगसमूहाचे होते. आत माधवराव शिंदे, त्यांचे सचिव आणि कानपूरच्या सभेचे वार्तांकन करायला निघालेले चार पत्रकार होते. वाटेत मैनपुरी जिल्ह्यात, बिघडलेल्या हवेत, विमान कोसळले आणि दोन वैमानिकांसह आठही जण गेले. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या शिंद्यांचा हा वंशज कधीकाळी देशाचा नागरी विमान वाहतूक मंत्री होता. जानेवारी १९९३मध्ये भाड्याने घेतलेले एक रशियन टीयू-१५४ दिल्लीत उतरताना अपघातग्रस्त झाले, तेव्हा प्राणहानी झालेली नसतानाही त्यांनी राजीनामा दिला होता. विमानांचा कारभार इतक्या जवळून पाहिलेला माणूससुद्धा दुसऱ्याच्या छोट्या विमानात बसतो तेव्हा पाहुणाच असतो.

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा भागात आता हौसेने उडायला शिकलेले लोक ओळखीपाळखीत सापडतात. कुणी कर्नालला शिकलेला असतो, कुणी नारनौलजवळच्या बाछौदला, कुणी अलीगढला. एखाद्या रविवारी तो म्हणतो, “चल रे, एक चक्कर मारून येऊ.” हो म्हणायचे की नाही हे ठरवताना मनात ज्या समजुती असतात त्यांतल्या बऱ्याचशा चुकीच्या असतात. काही उगाच घाबरवतात, काही उगाच निर्धास्त करतात. दुसऱ्या जास्त घातक.

“विमानप्रवास सगळ्यांत सुरक्षित, मग हाही सुरक्षितच”

सुरक्षित आहे तो विमान कंपन्यांचा प्रवास. तिथे दोन वैमानिक असतात, त्यांची सिम्युलेटरवर ठरावीक मुदतीने परीक्षा होते, हवामानाकडे लक्ष ठेवणारी माणसे जमिनीवर बसलेली असतात, आणि उड्डाण रद्द करण्याचे नियम आधीच लिहिलेले असतात. मित्राच्या विमानात ही सगळी कामे एकटा मित्र करतो.

खासगी विमाने सर्वांत जास्त उडतात ती अमेरिकेत. तिथे छोट्या विमानांच्या दर एक लाख उड्डाणतासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात होतो, आणि निव्वळ हौसेच्या उड्डाणांचा आकडा या सरासरीपेक्षा वाईट असतो. तासाला तास लावून पाहिले तर मोटारीपेक्षा हा धोका कित्येक पटींनी जास्त भरतो. तुलना करायचीच तर मोटारसायकलशी करावी. म्हणून जाऊच नये असे मी म्हणणार नाही. मोटारसायकलवर आपण बसतोच, पण चालवणारा कोण आणि रस्ता कसा ते बघून बसतो.

“इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली”

नवख्या माणसाला सर्वांत जास्त भीती याची वाटते, आणि तीच सर्वांत कमी खरी आहे. विमान तरंगते ते पंखांवर. जगात सर्वांत जास्त बनलेले छोटे विमान म्हणजे सेसना १७२. इंजिन बंद झाल्यावर ते दर एक फूट उंची गमावताना सुमारे नऊ फूट पुढे जाते. पाच हजार फुटांवर इंजिन थांबले तर वारा नसताना जवळजवळ १४ किलोमीटरच्या टापूतली मोकळी जागा त्याच्या आवाक्यात असते. हरियाणाच्या सपाट शेतांवर ही मोठी गोष्ट आहे.

मे २०१६मध्ये पाटण्याहून रुग्ण घेऊन दिल्लीला येणाऱ्या एका हवाई रुग्णवाहिकेची दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ती नजफगढजवळच्या शेतात उतरवली आणि आतले सातही जण वाचले. उलट डिसेंबर २०१५मध्ये सीमा सुरक्षा दलाचे दोन इंजिनांचे विमान दिल्लीच्या विमानतळावरून उडाल्यावर लगेच द्वारकेजवळ कोसळले आणि दहाही जण गेले. दोन इंजिने म्हणजे दुप्पट भरवसा, ही समजूत या दोन घटनांपुढे टिकत नाही.

धोक्याची वेळ आहे ती उड्डाणानंतरच्या पहिल्या मिनिटाची, उंची हाताशी नसतानाची. तेव्हा इंजिन गेले तर वळून धावपट्टीकडे परतण्याचा मोह फार होतो, आणि कमी वेगात, कमी उंचीवर घेतलेल्या त्या वळणात विमान आपटते. मित्राला विचारा: “वर जाताना इंजिन थांबले तर काय करशील?” ज्याने त्या सकाळी याचा विचार केला आहे तो किती फुटांखाली सरळ समोरच उतरायचे, ते आकड्यात सांगेल.

“आकाश निरभ्र आहे, काळजी कसली?”

दिल्लीकरांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा हाच, म्हणून थोडे सविस्तर.

हौशी वैमानिक बहुधा नजरेवर उडतो: क्षितिज दिसते, जमीन दिसते, त्यावरून विमान सरळ आहे की कलले आहे हे त्याला कळते. भारतात अशा उड्डाणाला खालच्या उंचीवर किमान पाच किलोमीटरची दृश्यता लागते, आणि नियंत्रण कक्षाची खास परवानगी नसेल तर रात्री असे उडता येत नाही. आता दिल्लीचा नोव्हेंबर ते जानेवारी आठवा. डोक्यावर निळे आकाश, ऊनही पडलेले, आणि तरी समोर दुधी पडदा. जमिनीवरून वर बघताना धुरक्याचा थर जेमतेम जाणवतो. वरून तिरके बघताना त्याच थरात धावपट्टी बुडून जाते. वर बघून “हवा छान आहे” म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका; विमानतळाच्या हवामान अहवालात दृश्यतेचा आकडा मीटरमध्ये दिलेला असतो, तो मागा.

क्षितिज नाहीसे झाले की काय होते, याचा प्रयोग १९५४मध्ये इलिनॉय विद्यापीठात झाला. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना नक्कल केलेल्या ढगात नेले. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, आणि त्याला लागलेला वेळ सरासरी १७८ सेकंद होता. कानातला तोल सांभाळणारा अवयव अशा वेळी चुकीची ग्वाही देतो. विमान वळत वळत खाली निघालेले असते आणि शरीर म्हणते, आपण सरळ आहोत.

जुलै १९९९मध्ये अमेरिकेच्या माजी अध्यक्षांचे पुत्र जॉन केनेडी ज्युनिअर पत्नी कॅरोलिन आणि मेव्हणी लॉरेन यांना घेऊन रात्री, धूसर हवेत, समुद्रावरून स्वतःचे विमान घेऊन निघाले. त्यांच्या एका प्रशिक्षकाने सोबत येण्याची तयारी दाखवली होती. आपल्याला एकट्यानेच न्यायचे आहे, असे त्यांनी सांगितले. विमान समुद्रात कोसळले. चौकशीचा निष्कर्ष दिशाभ्रम असा होता. आणि २५ मे २०११च्या रात्री आपल्या फरिदाबादमध्ये पर्वतीया कॉलनीतल्या घरांवर एक हवाई रुग्णवाहिका पडली. आतले सात आणि जमिनीवरचे तीन असे दहा जण गेले. हवामानाचा तडाखा, विमान हाताळण्यातली चूक, दिशाभ्रम, किंवा हे सगळे मिळून, असे कारण चौकशीत पुढे आले. ते व्यावसायिक वैमानिक होते.

मे-जूनमध्ये उत्तर भारतात दुपारनंतर येणारी आंधी हा वेगळाच प्रकार. तासाभरापूर्वी स्वच्छ असलेले आकाश धुळीने भरते, वाऱ्याची दिशा एकदम फिरते. छोट्या विमानाने तिला तोंड द्यायचे नसते. तेव्हा ते जमिनीवर, दोरांनी बांधलेले असले पाहिजे. माझ्या मते दिल्लीच्या आसपास पाहुणा म्हणून उडायचे तर पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबरचा पूर्वार्ध किंवा फेब्रुवारीअखेर ते मार्च, तेही सकाळी. बाकी वर्षात नाही म्हणायला मागेपुढे पाहू नये.

“चार आसने आहेत, चौघे बसू”

सेसना १७२च्या नव्या प्रकाराचे कमाल उड्डाणवजन सुमारे ११५७ किलो. विमानाचे स्वतःचे वजन वजा केले की माणसे, सामान आणि इंधन मिळून चारशेच्या आत-बाहेर उरतात. टाक्या भरल्या की त्यांतले जवळजवळ १४५ किलो गेले. राहिले अडीचशे, म्हणजे तीन धडधाकट माणसे आणि थोडे सामान. तुमचे वजन मित्र विचारत असेल तर राग मानू नका आणि पाच किलो कमी सांगू नका. विचारतच नसेल, तर मात्र सावध व्हा.

यात उन्हाळा मिसळा. दिल्लीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २३७ मीटरवर आहे. पारा ४५ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की पंख आणि इंजिन यांच्या दृष्टीने विमान जणू साडेचार हजार फुटांवर, महाबळेश्वरच्या उंचीवर उभे असते. धावपट्टी जास्त लागते, चढ मंदावतो. सकाळी तिघांना घेऊन सहज उडालेले विमान दुपारी त्याच तिघांना घेऊन टोकाच्या झाडांवरून जाईलच असे नाही.

“परवाना आहे, म्हणजे झाले”

भारतात खासगी वैमानिकाचा परवाना ४० तासांच्या उड्डाणावर मिळू शकतो. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात. पण एकूण तासांपेक्षा अलीकडचे तास महत्त्वाचे. पाच वर्षांपूर्वी भरपूर उडालेला आणि गेले चार महिने ऑफिसात अडकलेला मित्र आज कच्चा आहे, हे त्यालाही पटेल. अमेरिकेत प्रवासी नेण्यासाठी मागच्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झालेली असावी लागतात. आपणही तेच विचारावे: “गेल्या तीन महिन्यांत किती वेळा उतरवलंस? याच प्रकारचं विमान होतं का?” लॉगबुक दाखवायला सांगणे हा अविश्वास नव्हे, चांगला वैमानिक ते अभिमानाने उघडतो. परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत आणि विमानाच्या उड्डाणयोग्यतेचे कागद त्याच वेळी बघून घ्यावेत.

कौशल्याचाही एक सापळा असतो. २३ जून १९८०च्या सकाळी संजय गांधी सफदरजंगवरून दिल्ली फ्लाइंग क्लबच्या पिट्स एस-२ए या कसरतींसाठीच्या दोन आसनी विमानात निघाले. सोबत कॅप्टन सुभाष सक्सेना होते, म्हणजे क्लबचे अनुभवी प्रशिक्षक. कमी उंचीवर कसरती करताना विमान कोसळले आणि दोघेही गेले. मित्र म्हणाला, “तुला एक गंमत दाखवतो,” तर विमान जमिनीवर असतानाच नको म्हणा. पाहुणा सोबत असताना दाखवायच्या गमती हौशी उड्डाणात फार महाग पडलेल्या आहेत.

जाता जाता: मित्र “इंडिया गेट वरून दाखवतो” असे म्हणत असेल तर तो उडालेलाच नाही. राष्ट्रपती भवनाच्या परिसरावरचे आकाश निषिद्ध आहे आणि सफदरजंगला छोटी विमाने उडणे केव्हाच थांबले आहे. बाहेरगावच्या उड्डाणालाही उड्डाण आराखडा आणि हवाई संरक्षणाचा मंजुरी क्रमांक लागतो.

“पेट्रोलचे पैसे वाटून घेऊ, विमा आहेच”

खासगी परवान्यावर भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत, त्यासाठी वेगळा परवाना आणि वेगळी देखरेख असते. हा भेद कागदी वाटतो, पण तसा नाही. जानेवारी २०१९मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो साला नांतहून कार्डिफला ज्या छोट्या विमानाने निघाला, त्याच्या वैमानिकाला पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा अधिकार नव्हता आणि रात्री उडण्याचाही नव्हता. विमान इंग्लिश खाडीत कोसळले. एक्झॉस्टमधून कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरल्याचेही चौकशीत निघाले. उड्डाणाची व्यवस्था करणाऱ्याला पुढे १८ महिन्यांची शिक्षा झाली. हिवाळ्यात हीटर लावून उडणाऱ्या मित्राकडे कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे छोटे यंत्र आहे का, हेही विचारा.

विम्याचे म्हणाल तर अपघात विम्याच्या अनेक करारांत हवाई प्रवासाचे संरक्षण तिकीट काढून प्रवास करणाऱ्यालाच मिळते. मित्राच्या विमानातला पाहुणा त्यात बसत नाही. पॉलिसीतले अपवादांचे पान आदल्या रात्री वाचा, घरच्यांनाही दाखवा.

“मी नुसता बसणार, माझा काय संबंध?”

सगळ्यांत खोल गैरसमज हा आहे. पाहुणा विमानात बसला की वैमानिकाचा निर्णय बदलतो. एकटा असता तर ढग बघून जो परत फिरला असता, तो मित्राला वचन दिले म्हणून, जयपूरला लोक वाट बघताहेत म्हणून, आणखी दहा मिनिटे पुढे जातो. छोट्या विमानांच्या अपघातांत यंत्रापेक्षा माणसाच्या निर्णयाचा वाटा कितीतरी मोठा असतो, आणि पोहोचायचेच आहे हा हट्ट त्या निर्णयांत पुन्हा पुन्हा दिसतो.

म्हणून लग्न, सभा, मुलाखत अशा वेळ बांधलेल्या कामासाठी मित्राचे विमान वापरू नये; माझा यावर ठाम आग्रह आहे. जिथून उडाला तिथेच परत येणारी तासाभराची फेरी पाहुण्यासाठी पुष्कळ. दुसऱ्या गावी जाणारच असाल तर परतीचे रेल्वेचे तिकीट आधी काढा आणि मित्राला सांगा: “हे बघ, माझ्याकडे शताब्दीचं तिकीट आहे. तुला जराही शंका आली तर विमान तिथेच ठेवू.” आधी कधी त्याने हवामानामुळे उड्डाण रद्द केले आहे का, हेही विचारून घ्या. ज्याने कधीच रद्द केलेले नाही, त्याच्याबरोबर मी जाणार नाही.

बसायचे ठरलेच तर पट्टा कसा सुटतो आणि दार कसे उघडते ते स्वतःच्या हाताने करून बघा. उडताना आणि उतरताना बोलू नका, पण दुसरे विमान दिसले तर लगेच सांगा. चक्कर येत असेल तर लाजू नका, कागदी पिशवी आधीच मागून ठेवा. उतरल्यावर इंजिन पूर्ण बंद होऊन पंखा थांबल्याशिवाय दार उघडायचे नाही. खाली पाय टेकले की विमानाच्या शेपटीकडे चालू लागा, पंखा थांबलेला वाटला तरीही, कारण फिरणारा पंखा डोळ्यांना दिसत नाही. फोटोसाठी पुढे जायची घाई याच क्षणी होते.