डिकिन्सनने जर्सी बदलली तेव्हा

मे २०२३ मध्ये हंटर डिकिन्सन या सात फुटांहून उंच बास्केटबॉल सेंटरने मिशिगन विद्यापीठ सोडलं आणि कॅन्सस विद्यापीठाची वाट धरली. त्या उन्हाळ्यात संघ बदलायला निघालेल्या खेळाडूंच्या याद्यांमध्ये त्याचं नाव सगळ्यात वर होतं. मिशिगनच्या ॲन आर्बर गावात तो रातोरात ‘गद्दार’ ठरला. कॅन्ससच्या लॉरेन्स गावात मात्र करंडक दारात येऊन उभा असल्यासारखी भाषा सुरू झाली. दोन्हीकडच्या बोलण्यात गैरसमजांची भेसळ भरपूर होती.

पहिला आरोप पैशाचा. पैसा होताच, आणि डिकिन्सनने तो लपवलाही नाही. मिशिगनमध्ये आपल्याला वर्षाला एक लाख डॉलरसुद्धा मिळाले नव्हते, असं त्याने एका पॉडकास्टमध्ये सांगून टाकलं. दहा हजार डॉलर जास्त मिळणार असतील तर मला नावं ठेवणारेही उद्या नोकरी बदलतील, असा टोलाही त्याने हाणला. पण कॅन्सस विद्यापीठाने त्याला ‘विकत घेतलं’ हा समज चुकीचा. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा आणि प्रसिद्धी यांवर कमाई करायची मुभा मिळाली, तरी विद्यापीठाने थेट पैसे द्यायला तेव्हा बंदीच होती. रक्कम यायची जाहिरातदारांकडून आणि ‘कलेक्टिव्ह’कडून, म्हणजे चाहत्यांनी आणि श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या गटांकडून. एका हाताने वर्गणी द्यायची आणि दुसऱ्या हाताने खेळाडूच्या हावरटपणावर बोट ठेवायचं, ही गंमत दोन्ही गावांत चालली. विद्यापीठांना स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना वाटा देता येऊ लागला तो १ जुलै २०२५ पासून, एका न्यायालयीन तडजोडीनंतर. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा होती विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, आणि त्यात सगळे खेळ आले. परदेशी खेळाडूंची अडचण वेगळीच. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला तिथे मनासारखं काम करता येत नाही, हे मुलं अमेरिकेला पाठवलेल्या पुण्या-मुंबईच्या घरांना वेगळं सांगायला नको. शिक्षणाचा तोच व्हिसा बास्केटबॉलपटूलाही आडवा येतो.

‘पूर्वीची पोरं एका कॉलेजला धरून राहायची’ हे वाक्य तर प्रत्येक वादात येतंच. ते म्हणणाऱ्याला बास्केटबॉलमधला दिग्गज लॅरी बर्डची आठवण करून द्यावी. १९७४ साली फ्रेंच लिक या खेड्यातला हा मुलगा प्रशिक्षक बॉबी नाइटच्या इंडियाना विद्यापीठात दाखल झाला आणि महिनाही न काढता सामान घेऊन घरी परतला. त्या अवाढव्य कॅम्पसवर तो बुजला होता. गावात त्याने नगरपालिकेची कामं केली, कचऱ्याच्या गाडीवरही राबला. पुढच्या वर्षी त्याने इंडियाना स्टेट हे तुलनेने लहान विद्यापीठ गाठलं. एक मोसम सामने न खेळता बसून काढला आणि १९७९ मध्ये एकही सामना न हरता संघाला अंतिम फेरीत नेलं. तिथे मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने त्यांना ७५-६४ असं हरवलं. तर ज्याच्या नावाने जुन्या निष्ठेचे गोडवे गायले जातात, त्यानेही कॉलेज बदललं होतं.

पूर्वी खेळाडू कमी हलायचे, कारण नियमाने त्यांचे पाय बांधले होते. संघ बदलला की वर्षभर बाकावर. शिवाय कोणत्या कॉलेजशी बोलायचं यालाही जुन्या कॉलेजची परवानगी लागे. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं आणि परवानगीची अट गेली. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरतं वर्षभर बसणं संपलं, २०२४ मध्ये पुढच्या बदल्यांनाही मोकळीक मिळाली. अभ्यासात मात्र पात्र राहावं लागतं. प्रशिक्षकांच्या पायात अशी बेडी कधीच नव्हती. करार मोडून ते एका उन्हाळ्यात दुसरीकडे रुजू होत.

पोर्टलमध्ये नाव गेलं म्हणजे खेळाडू गेला, असंही नाही. संघ बदलू इच्छिणाऱ्यांची ती एक यादी आहे, इतकंच. इलिनॉयच्या कोफी कॉकबर्नने २०२१ मध्ये नाव टाकलं, परत घेतलं आणि पुढचा मोसम तिथेच गाजवला. धोका उलट बाजूने असतो: नाव टाकताच जुनं कॉलेज पुढच्या सत्राची स्कॉलरशिप काढून घेऊ शकतं.

आता लॉरेन्सकरांचा भ्रम. यादीत पहिला आला म्हणजे करंडक आला! डिकिन्सन कॅन्ससकडून वाईट खेळला असं कुणी म्हणणार नाही. पहिल्या मोसमात सामन्यामागे जवळपास १८ गुण आणि ११ रिबाउंड ही काही चेष्टा नाही. दोन्ही मोसमांच्या सुरुवातीला कॅन्सस देशात पहिल्या क्रमांकावर होतं. २०२४ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ते दुसऱ्या फेरीत हरलं, २०२५ मध्ये पहिल्याच. त्या वेळी हरवलं आर्कान्सासने, आणि त्यांचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी वर्षभरापूर्वीच केंटकी सोडून तिथे आले होते. त्याच स्पर्धेचं विजेतेपद फ्लॉरिडाने पटकावलं आणि अंतिम टप्प्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला वॉल्टर क्लेटन ज्युनियर. तो आला होता आयोना या छोट्या कॉलेजातून, डिकिन्सनच्याच उन्हाळ्यात, पण त्याचा गाजावाजा त्या मानाने कितीतरी कमी.

आणि ॲन आर्बर? डिकिन्सन गेल्यावरच्या पहिल्या मोसमात मिशिगनने ३२ पैकी फक्त ८ सामने जिंकले आणि प्रशिक्षक जुवान हॉवर्ड यांना नारळ मिळाला. त्यांच्या जागी फ्लॉरिडा अटलांटिकहून डस्टी मे आले. त्यांच्या मागोमाग तिथलाच सात फुटी व्लादिस्लाव गोल्डिन आला, येलहून डॅनी वुल्फ आला. तोही सात फुटी. मार्च २०२५ मध्ये या जोडीने मिशिगनला बिग टेन या विद्यापीठगटाची स्पर्धा जिंकून दिली, तेव्हा ‘गद्दार’ हा शब्द ॲन आर्बरमध्ये कुणाला आठवला नाही. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत मिशिगनला ऑबर्नने रोखलं, आणि ऑबर्नचा हुकमी मोहरा जॉनी ब्रूम होता मोरहेड स्टेट सोडून आलेला.