पॅड नवे, पण पिना जाम! : गॅरेजवाल्या बांधवांसाठी कामाची माहिती

राजुरा आणि आसपासच्या गावांत चारचाकी दुरुस्तीवर ज्यांचे घर चालते असे आपले बरेच बांधव आहेत. वेकोलिच्या सास्ती, गोवरी, पोवनी या खाणींवर आणि गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथील सिमेंट कारखान्यांवर भाड्याने लागलेल्या गाड्या दिवसभर फिरतात. त्यांचे ब्रेक पॅड बदलणे हे गॅरेजचे नेहमीचे काम. परंतु नवे पॅड टाकूनही गाडी थोड्याच दिवसांत तीच तक्रार घेऊन परत येते आणि गिऱ्हाईक मिस्त्रीने डुप्लिकेट माल टाकला असे चारचौघांत सांगत सुटते. पुष्कळदा माल चांगलाच असतो. ज्या दोन पिनांवर कॅलिपर सरकतो त्या पिना जाम झालेल्या असतात, आणि पॅड बदलताना त्यांना कुणी हात लावलेला नसतो.

आपल्याकडील बहुतेक छोट्या मोटारी आणि जीपगाड्यांच्या पुढच्या चाकांना सरकता कॅलिपर असतो. त्यात पिस्टन फक्त आतल्या बाजूला. पेडल दाबले की पिस्टन आतले पॅड डिस्कवर दाबतो. मग त्याच दाबाने सगळा कॅलिपर पिनांवरून आत सरकतो आणि बाहेरचे पॅड डिस्कवर आणून टेकवतो. पिन सरकली नाही तर सारा भार आतल्या पॅडवर येतो. ते झिजून पत्र्याला लागते, तेव्हा बाहेरचे अर्धेही संपलेले नसते. एकच पिन जाम असेल तर पॅड तिरपे झिजते. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, चाक तापते, जळका वास येतो, पेट्रोल-डिझेल जास्त लागते. रात्री जंगलातल्या रस्त्यावर रानडुक्कर आडवे आल्यावर असा ब्रेक दगा देतो, म्हणून ही बाब केवळ पॅडच्या खर्चाची समजू नये.

पिना जाम का होतात? पिनेवरचा रबरी बूट फाटला की पाणी आणि धूळ आत जाते. आपल्या भागात ही धूळ कोळशाची आणि सिमेंटची. सिमेंटची भुकटी ओल लागल्यावर काय करते हे आम्ही सांगायला नको. दुसरे कारण मात्र आपल्याच हातचे आहे. बेअरिंगचे किंवा चेसिसचे साधे ग्रीस पिनेला फासले जाते. ब्रेकचे रबर पेट्रोलियमच्या तेलाने फुगते आणि पिन आवळून धरते. रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलने कॅलिपर धुण्याची सवयही तितकीच वाईट. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो खरे, पण ते नेहमीच्या गाड्यांत ग्लायकोलचे असते. इंजिन ऑइलचे थेंबही त्यात जाता कामा नयेत.

आता काम कसे करावे ते पाहू. चाकाला लाकडी ठोकळे लावा. गाडी जॅकवर उचलल्यावर खाली मजबूत स्टँड द्या, विटांचा थर चालणार नाही. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि नव्याची धूळही छातीला बरी नाही. ती ओल्या फडक्याने पुसावी. बोल्ट काढल्यावर कॅलिपर ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

पिन निघत नसेल तर आधी हातोडी उचलण्याचा मोह आवरा. गंज सोडवणारे तेल पिनेच्या कडेने सोडा आणि थांबा. गिऱ्हाईकाला चहा पाजा, दुसरे चाक उघडा. मग पिनेच्या डोक्यावर पाना लावून ती उजवीकडे-डावीकडे थोडी थोडी फिरवा. पिन आधी फिरली पाहिजे, ओढायचे नंतर. जी फिरली ती बहुधा निघते. फिरवत फिरवत बाहेर घ्या. तरीही हलत नसेल तर ब्रॅकेट गाडीवरून उतरवून शिकंज्यात धरा, बूट काढून घ्या आणि पिनेभोवतालचा ब्रॅकेटचा भाग गरम करा. पिन तापवायची नाही. भोक प्रसरण पावले की पकड सुटते. ही शेक गाडीवर, होजजवळ कधीही देऊ नये. ब्रेक क्लीनर मारलेला भाग तर मुळीच तापवू नका. काही क्लीनरमध्ये क्लोरीन असते आणि उष्णतेने त्यातून विषारी वायू होतो.

पिन निघाली की भोक गोल तारेच्या ब्रशने साफ करा. ड्रिल घालून मोठे करू नका, पिन ढिली होऊन कॅलिपर वाजेल. गंज सोडवणारे तेल शेवटच्या थेंबापर्यंत पुसा, कारण तेही रबराचे वैरीच. पिनेवर वरवरचा गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर पुरे. खड्डे पडले असतील तर नवी पिन घ्या. बूट फुगला किंवा फाटला असेल तर तोही नवा हवा. वरची आणि खालची पिन सारखी दिसली तरी बऱ्याच गाड्यांत एकीच्या टोकाला रबरी नळी असते, म्हणून खूण करून ठेवा.

ग्रीस ब्रेकच्या पिनांसाठीच बनवलेले सिलिकॉनचे किंवा तत्सम घ्या. एका डबीत बरीच कामे होतात. थर पातळ द्या. भोक एका बाजूने बंद असते, ग्रीस जास्त भरले तर आत हवा कोंडून पिन बाहेर ढकलली जाते.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. आतले पॅड जास्त झिजले म्हणजे दोष पिनेचाच असे नाही, पिस्टन अडकला तरी तसेच दिसते. पिना मोकळ्या झाल्यावर पिस्टन हळू आत दाबून पाहा. दाबताना टाकीतले ब्रेक ऑइल वर येते. ते रंगावर सांडू देऊ नका, रंग जातो.

मजुरीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. पिनांचे काम पॅड बदलण्यात धरू नका, त्याची वेगळी मजुरी आधी सांगा. जुनी दोन्ही पॅड शेजारी ठेवून गिऱ्हाईकाला दाखवली की फारसे बोलावे लागत नाही. जो नको म्हणेल त्याच्या बिलावर तसे लिहून द्या.

बोल्ट कंपनीने दिलेल्या मापानेच आवळा. गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिल्या ब्रेकला पेडल तळाला जाईल. मग बल्लारपूरच्या दिशेने वर्धा नदीच्या पुलापर्यंत एक फेरी मारून या आणि दोन्ही चाकांजवळ हात नेऊन पाहा. एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापले असेल तर ते पुन्हा उघडा.