शिवडीतील निवासी वास्तू आणि पुनर्विकास

शिवडी हा मुंबई शहराच्या पूर्व किनाऱ्यावरील एक जुना भाग असून तो मुंबई महानगरपालिकेच्या एफ-दक्षिण विभागात येतो. बंदराची गोदामे, कापडगिरण्या आणि कामगारांच्या चाळी ही या भागाची विसाव्या शतकातील ओळख होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून येथील गिरण्यांच्या व जुन्या चाळींच्या जागी उंच निवासी इमारती उभ्या राहू लागल्या. त्यामुळे सुमारे शंभर वर्षांच्या चाळी आणि आलिशान सदनिकांचे टॉवर एकाच रस्त्यावर दिसतात. शिवडीतील कोणत्या घराचा पुनर्विकास होतो आणि कोणत्या घराचा रखडतो, हे इमारतीच्या वयापेक्षा तिच्याखालील जमिनीच्या मालकीवर अधिक अवलंबून राहिले आहे. या दृष्टीने शिवडी हे मुंबईतील घरबांधणीच्या प्रश्नाचे प्रातिनिधिक उदाहरण ठरते.

पार्श्वभूमी

शिवडी हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी परळ बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील गाव होते. इंग्रजांनी १६८० मध्ये येथे टेहळणीसाठी किल्ला बांधला. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर चढाई केली, तेव्हा हा किल्ला त्याच्या ताब्यात गेला होता. किल्ल्याच्या पायथ्याचा परिसर, कोळीवाडा आणि १८६५ पासूनची ख्रिस्ती दफनभूमी या शिवडीच्या जुन्या खुणा होत.

मलबार हिल किंवा भायखळा यांप्रमाणे शिवडीत धनिकांच्या हवेल्या मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या नाहीत. जवळच्या परळ येथे मात्र मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान होते. मूळच्या पोर्तुगीजकालीन ख्रिस्ती मठाचे रूपांतर करून ही वास्तू सिद्ध झाली होती. १८८० च्या दशकात गव्हर्नरांचे वास्तव्य मलबार पॉइंट येथे हलले. १८९९ मध्ये डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा या वास्तूत आली आणि पुढे तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

१८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना झाल्यानंतर पूर्व किनाऱ्यावर भराव घालून गोद्या, रेल्वेमार्ग व वखारी उभारण्यात आल्या. १९२० च्या दशकात कुलाब्यातील कापसाचा बाजार शिवडीजवळ हलवण्यात आला. हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकाच्या नावात त्याची आठवण टिकून आहे. १९३४ मध्ये लिव्हर ब्रदर्सचा साबणाचा कारखाना शिवडीत सुरू झाला. गिरण्या, बंदर आणि कारखाने या तिन्ही ठिकाणी काम करणारे मजूर येथे राहू लागले. त्यांत कोकण व पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्यांची संख्या मोठी होती.

शिवडीच्या बीडीडी चाळी

गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, हे खाते स्थापन झाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याची त्याची योजना होती. खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी कर्ज काढण्यात आले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया शहरकर बसवण्यात आला. योजनेचा मोठा भाग कागदावरच राहिला. प्रत्यक्षात वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, ना. म. जोशी मार्ग येथे ३२ आणि शिवडी येथे १२ अशा एकूण २०७ चाळी उभ्या राहिल्या.

या चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या असून काँक्रीटच्या आहेत. प्रत्येक चाळीत ८० खोल्या आहेत. खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस फूट असून मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्यांची रांग आणि प्रत्येक मजल्यावर सामाईक शौचालये अशी रचना आहे. आरंभी भाडे कामगारांच्या आवाक्याबाहेरचे ठरल्याने अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळी तात्पुरता तुरुंग म्हणून वापरण्यात आल्या. पुढे शहराची वस्ती वाढली आणि एका खोलीत एकाहून अधिक कुटुंबे किंवा गावाकडच्या पुरुषांचे गट राहू लागले.

बीडीडी चाळींची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळींच्या पुनर्विकासासाठी म्हाडाची नियुक्ती झाली आणि एप्रिल २०१७ मध्ये कामाचे भूमिपूजन झाले. पात्र रहिवाशांना ५०० चौरस फुटांची सदनिका विनामूल्य द्यायची आणि उरलेल्या जागेवर बांधलेल्या सदनिका खुल्या बाजारात विकून खर्च भागवायचा, असे या योजनेचे सूत्र आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या.

शिवडीच्या चाळी या योजनेतून वगळल्या गेल्या. त्या ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती मुंबई पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीतील आहे. २०२१ च्या महाबंदर प्राधिकरण कायद्यानंतर या संस्थेचे नाव मुंबई बंदर प्राधिकरण असे झाले. इमारती राज्याच्या आणि जमीन बंदराची असल्यामुळे केंद्राच्या संमतीवाचून राज्य सरकारला येथे योजना राबवता येत नाही. एकाच खात्याने, एकाच काळात आणि एकाच नकाशावरून बांधलेल्या चाळींपैकी तीन ठिकाणच्या रहिवाशांचा मार्ग मोकळा झाला, तर शिवडीतील रहिवाशांना वेगळी वाट पाहावी लागली.

पागडी पद्धत आणि खासगी चाळी

शिवडी, परळ, लालबाग व काळाचौकी येथील बहुतांश खासगी चाळींमध्ये रहिवासी घराचा मालक नसतो आणि रूढ अर्थाने साधा भाडेकरूही नसतो. खोली घेताना तो घरमालकाला एकरकमी मोठी रक्कम, म्हणजे पागडी, देतो आणि त्यानंतर नाममात्र भाडे भरतो. खोली दुसऱ्याला देताना नव्या भाडेकरूकडून मिळालेल्या रकमेचा काही हिस्सा घरमालकाला द्यावा लागतो. हा हिस्सा साधारणपणे एक तृतीयांश असतो.

या पद्धतीचे मूळ भाडे नियंत्रणात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडे वाढवता येत नसल्याने घरमालकांचे उत्पन्न पागडीवर अवलंबून राहू लागले. अनेक वर्षे पागडीचा व्यवहार कायद्याला मान्य नव्हता, तरीही तो सर्रास चालत असे. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधील कलम ५६ ने अशा रकमेच्या देवघेवीला मान्यता दिली.

गोठलेल्या भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघत नसल्याने इमारती मोडकळीस आल्या. १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा करून जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसवण्यात आला. अशा १९,६४२ इमारती त्या वेळी उपकरप्राप्त ठरल्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ या काळातील ‘क’ वर्गात मोडतात. पुढे हे मंडळ म्हाडाचा भाग झाले.

उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीतील विनियम ३३(७) नुसार होतो. जुन्या भाडेकरूंना नव्या इमारतीत मालकी हक्काची सदनिका मिळते आणि विकासकाला प्रोत्साहनपर अधिक चटईक्षेत्र मिळते. या अधिक क्षेत्रावर बांधलेल्या सदनिका तो बाजारभावाने विकतो. काम सुरू करण्यासाठी ५१ टक्के भाडेकरूंची संमती आवश्यक असते. अनेक छोट्या इमारती एकत्र करून करायच्या समूह पुनर्विकासासाठी विनियम ३३(९) आहे.

गिरण्यांच्या जमिनी आणि आलिशान इमारती

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले होते. संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या किंवा आजारी घोषित झाल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील विनियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची मुभा दिली. एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेला, एक तृतीयांश स्वस्त घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, असे त्या वेळचे सूत्र होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीच्या संपूर्ण जागेऐवजी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित केली. त्यामुळे सार्वजनिक वापरासाठी मिळणारा वाटा बराच घटला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या दुरुस्तीविरुद्ध निर्णय दिला, पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

२००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतील पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्या. त्यांतील मुंबई टेक्स्टाइल मिलच्या जमिनीला ७०२ कोटी रुपये मिळाले. हीच जमीन २०१२ मध्ये सुमारे २,७०० कोटी रुपयांना पुन्हा विकली गेली.

शिवडीत टोकरशी जीवराज मार्गावरील स्वान मिलच्या आवारात ‘अशोक गार्डन्स’ हा टॉवरचा प्रकल्प उभा राहिला. याच परिसरातील आणखी एका गृहप्रकल्पाला ‘दोस्ती फ्लेमिंगोज’ असे नाव आहे. शिवडीच्या खाडीतील दलदलीत हिवाळ्यापासून येणारे रोहित पक्षी हे येथील सदनिकांच्या जाहिरातीतील एक आकर्षण ठरले. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, अनेक मजली वाहनतळ आणि खाडीचे दृश्य या सोयी अशा इमारतींत सामान्यतः असतात. शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू, म्हणजेच अटल सेतू, १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. २१.८ किलोमीटर लांबीच्या या सेतूमुळे शिवडी थेट नवी मुंबईशी जोडली गेली आणि गोदामांचा भाग म्हणून मागे राहिलेल्या या परिसराकडे विकासकांचे लक्ष अधिक वळले.

गिरणी कामगारांच्या वाट्याला आलेली घरे म्हाडाच्या सोडतीतून दिली जातात. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाईंग, स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिल येथील ३,८९४ घरांची सोडत झाली. ही घरे २२५ चौरस फुटांची असून त्यांची किंमत साडेनऊ लाख रुपये ठेवण्यात आली होती. यांतील ५४४ घरे लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जमिनीवरची होती. त्याच गिरणीच्या जमिनीवर ‘वर्ल्ड वन’ हा मुंबईतील सर्वांत उंच निवासी इमारतींपैकी एक असलेला टॉवर उभा आहे.

दक्षिण मुंबईतील वाड्यांशी तुलना

जमिनीच्या मालकीचा प्रश्न केवळ चाळींपुरता नाही. ब्रीच कँडी येथील लिंकन हाउस ही वास्तू वांकानेरच्या महाराजांसाठी बांधण्यात आली होती. १९५७ मध्ये ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने अमेरिकी सरकारकडे गेली आणि अनेक वर्षे तेथे त्या देशाचा वाणिज्य दूतावास होता. २०१५ मध्ये उद्योगपती सायरस पूनावाला यांनी ती ७५० कोटी रुपयांना घेण्याचा व्यवहार केला. मात्र जमिनीवर संरक्षण खात्याचा हक्क असल्याचा आक्षेप निघाल्याने हस्तांतर अनेक वर्षे रखडले. शिवडीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीप्रमाणेच या वाड्याचीही वाट इमारत एकाची आणि जमीन दुसऱ्याची या कारणाने अडली. फरक एवढाच, की वाड्याच्या खरेदीदाराला राहण्यासाठी अन्य घर असते.

ज्या वाड्यांची मालकी निर्विवाद होती त्यांचे व्यवहार त्वरेने पार पडले. मलबार हिल येथील डॉ. होमी भाभा यांचा ‘मेहरांगीर’ बंगला २०१४ मध्ये ३७२ कोटी रुपयांना लिलावात विकला गेला. तो स्मारक म्हणून जतन करावा अशी मागणी वैज्ञानिकांनी केली होती, तरी २०१६ मध्ये तो पाडण्यात आला. २०१५ मध्ये जाटिया हाउस ४२५ कोटी रुपयांना कुमारमंगलम बिर्ला यांनी घेतले.

परिणाम आणि प्रश्न

पुनर्विकासानंतर चाळीतील रहिवाशाला स्वतंत्र शौचालय व स्वयंपाकघर असलेले मालकीचे घर मिळते, हा या प्रक्रियेचा मोठा लाभ आहे. मात्र उद्वाहन, पाणी उपसा आणि अग्निशमन यंत्रणा यांचा मासिक देखभाल खर्च जुन्या नाममात्र भाड्याच्या अनेक पटींनी असतो. निवृत्त कामगारांच्या कुटुंबांना तो पेलणे कठीण जाते. यासाठी विकासकाकडून ठेवनिधी घेण्याची पद्धत रूढ झाली आहे. एकाच भूखंडावर पुनर्वसनाची इमारत आणि विक्रीचा टॉवर यांची प्रवेशद्वारे, वाहनतळ व उद्याने वेगळी ठेवली जातात, अशी टीकाही होते.

काम अर्धवट राहणे हा दुसरा धोका आहे. सदनिकांची विक्री मंदावली की विकासकाकडील पैसा आटतो आणि घर रिकामे करून दिलेल्या भाडेकरूंचे पर्यायी जागेचे भाडे थकते. काही कुटुंबे अशा वेळी संक्रमण शिबिरात किंवा उपनगरांत वर्षानुवर्षे अडकून पडतात. १ मे २०१७ पासून कार्यरत असलेल्या महारेरा प्राधिकरणाकडे विक्रीच्या सदनिकांची नोंदणी बंधनकारक आहे. तिचा मुख्य आधार नव्या खरेदीदारांना मिळतो, जुन्या भाडेकरूंना विकासकाशी केलेल्या करारावर विसंबावे लागते.

शिवडीच्या पूर्वेकडील बंदराची जमीन हा भविष्यातील सर्वांत मोठा घटक आहे. २०१८ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील सुमारे ९६६ हेक्टर क्षेत्राचा विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. बंदराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूंचे, बीडीडी चाळींतील कुटुंबांचे आणि झोपडपट्टीवासीयांचे पुनर्वसन त्याच ठिकाणी होणार की अन्यत्र, यावर शिवडीच्या वस्तीचे पुढील स्वरूप अवलंबून आहे.

हे सुद्धा पाहा

गिरणगाव
परळ
लालबाग
बीडीडी चाळ
शिवडीचा किल्ला
अटल सेतू