धाकट्या हँक विल्यम्सचा 1975 चा अल्बम

'हँक विल्यम्स ज्युनियर अँड फ्रेंड्स' हा अल्बम एमजीएम कंपनीने 1975 च्या डिसेंबरमध्ये बाजारात आणला. पारंपरिक कंट्री संगीत आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा ऐन भरात असलेले सदर्न रॉक यांचा मेळ घालणाऱ्या अल्बमांमध्ये त्याचे स्थान फार वरचे आहे. गायक त्या वेळी 26 वर्षांचा होता, पण मंचावर गाऊन पैसे मिळवण्याची त्याची जवळपास 18 वर्षे सरली होती. त्यातली बरीचशी वर्षे वडिलांची गाणी वडिलांसारखीच गाण्यात गेली. या अल्बमचे मोल त्या वर्षांशी बांधलेले आहे.

वडील म्हणजे थोरला हँक विल्यम्स. अलाबामात 1923 मध्ये जन्मलेला हा गायक कंट्री संगीताचा मानदंड मानला जातो. साधे शब्द, फिडल, स्टील गिटार आणि दुःख लपवण्याची कसलीही धडपड न करणारा आवाज, एवढ्या भांडवलावर त्याने मोजक्या वर्षांत अमेरिकेला वेड लावले. लहानपणी त्याला गिटार शिकवली ती रूफस पेन या कृष्णवर्णीय रस्त्यावरच्या गायकाने. गोऱ्यांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संगीतात ब्लूज मुरलेला आहे तो अशा शिकवणीतून. 1 जानेवारी 1953 रोजी ओहायोतल्या कँटन इथल्या कार्यक्रमाला जाताना मोटारीच्या मागच्या सीटवर त्याचा मृत्यू झाला. वय 29. दारू, वेदनाशामके आणि पाठीचे जुने दुखणे यांनी शरीर आधीच पोखरले होते.

धाकट्याचा जन्म 26 मे 1949 चा, लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टचा. पाळण्यातले नाव रँडल हँक. एका शब्दभ्रमकाराच्या बाहुल्याच्या नावावरून वडिलांनी त्याला 'बोसेफस' हे लाडाचे नाव ठेवले आणि ते आयुष्यभर चिकटले. वडील गेले तेव्हा तो पुरता चार वर्षांचाही नव्हता. आई ऑड्रीने त्याला आठव्या वर्षी मंचावर उभे केले. अकराव्या वर्षी तो कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात गायला. चौदाव्या वर्षी वडिलांचे 'लाँग गॉन लोनसम ब्लूज' ध्वनिमुद्रित केले आणि ते 1964 मध्ये कंट्रीच्या यादीत पहिल्या पाचांत गेले. त्याच वर्षी थोरल्या हँकवर चित्रपट निघाला. पडद्यावर जॉर्ज हॅमिल्टन हा नट होता, गाणारा आवाज मुलाचा. थोरला हँक उपदेशपर निवेदने 'ल्यूक द ड्रिफ्टर' या टोपणनावाने काढायचा, तर मुलाकडून 'ल्यूक द ड्रिफ्टर ज्युनियर' या नावाने तसल्याच तबकड्या काढून घेण्यात आल्या. गेलेल्या माणसाची जागा पोराने भरून काढावी, अशी श्रोत्यांची हौस होती आणि कंपनीचा त्यात धंदा होता. पोराला स्वतःचा गळा असेल, हे कुणाच्या मनात आले नाही.

घरातले वातावरण मात्र एकसुरी नव्हते. अर्ल स्क्रग्जचा बॅन्जो, जेरी ली लुईस आणि फॅट्स डॉमिनो यांचा पियानो हे सगळे त्याने लहानपणी जवळून ऐकले. अनेक वाद्यांवर त्याचा हात बसला. पोरवयात त्याला रॉक अँड रोल वाजवायचे होते. लोक तिकीट काढून यायचे ते वडिलांची गाणी ऐकायला.

त्या काळात नॅशव्हिलची मुख्य वाट वेगळीच होती. चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून कंट्री गाण्याला शहरी पेहराव चढवला होता. फिडल आणि स्टील गिटार मागे सरकले, व्हायोलिनांचे ताफे आणि कोरस पुढे आले. मुंबई-गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकला जाणारा जिम रीव्ह्ज याच घडणीचा. ही गाणी गोड होती, पण थोरल्या हँकच्या आवाजातला खरखरीतपणा त्यांतून पुसला गेला होता.

तो खरखरीतपणा जपला दक्षिणेच्या रॉक वादकांनी. 1969 मध्ये उभ्या राहिलेल्या ऑलमन ब्रदर्स बँडने ब्लूज, जॅझ आणि कंट्री एकत्र घुसळून लांबलचक उत्स्फूर्त वादनाची एक शैली घडवली. दोन गिटारी एकमेकींना धरून चालणाऱ्या सुरावटी वाजवायच्या, खाली दोन ड्रमवादकांची लय. जॉर्जियातले मेकन शहर आणि तिथली कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड्स ही कंपनी या संगीताचे केंद्र बनली. साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गचा मार्शल टकर बँड याच कंपनीचा. फ्लोरिडातून लिनर्ड स्किनर्ड आले. ही मुले रॉक वाजवत होती, पण त्यांचे कान थोरल्या हँकवर आणि त्याने ज्यांच्याकडून उचलले त्या कृष्णवर्णीय गायकांवर पोसलेले होते. नॅशव्हिलने टाकून दिलेला वारसा असा रॉकवाल्यांच्या हाती जपला गेला.

1974 पर्यंत धाकटा हँक कोलमडला होता. दारू आणि गोळ्यांचे व्यसन, मोडता संसार, शेवटी आत्महत्येचा प्रयत्न. वडिलांचे आयुष्य जगत राहिलास तर मरणही तसेच येईल, असे डॉक्टरांनी त्याला बजावले. त्याने नॅशव्हिल सोडले, अलाबामातल्या कलमन या छोट्या गावी बिऱ्हाड हलवले आणि आपल्याला काय गायचे आहे, याचा पहिल्यांदा स्वतंत्रपणे विचार केला.

ध्वनिमुद्रणासाठी त्याने मसल शोल्स निवडले. टेनेसी नदीकाठच्या या आडगावाचे नाव रिक हॉलच्या फेम स्टुडिओने जगभर केले होते. विल्सन पिकेट आणि अरीथा फ्रँकलिन यांच्यासारख्या कृष्णवर्णीय गायकांच्या मागे इथले गोरे वादक बसले आणि त्यातून 1960 च्या दशकातले काही सर्वोत्तम सोल संगीत निघाले. ऑलमन ब्रदर्सचा ड्वेन ऑलमन आधी याच गावात रोजंदारीवर गिटार वाजवायचा. नॅशव्हिलच्या घड्याळी शिस्तीपेक्षा इथली रीत सैल होती. वादकांनी एकमेकांना ऐकत गाणे उभे करायचे.

अल्बमच्या नावातले 'फ्रेंड्स' म्हणजे दक्षिणेच्या रॉकमधले आघाडीचे वादक. फिडल आणि गिटार दोन्हींत तयार असलेला चार्ली डॅनियल्स बॉब डिलनच्या 'नॅशव्हिल स्कायलाइन'वर वाजवून आलेला होता आणि आता स्वतःचा बँड चालवत होता. चक लिव्हेल ऑलमन ब्रदर्सचा पियानोवादक. त्या बँडच्या 'जेसिका' या वाद्यरचनेतला नाचरा पियानो त्याचाच. तिसरा मार्शल टकर बँडचा टॉय काल्डवेल.

काल्डवेलपाशी थोडे थांबायला हवे. तो गिटार प्लेक्ट्रमने न छेडता नुसत्या अंगठ्याने वाजवायचा, त्यामुळे वेगवान ताना घेतानाही स्वराची गोलाई हरवत नसे. शिवाय तो स्टील गिटारही वाजवायचा. हे वाद्य आडवे ठेवून तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवतात; स्वरावरून स्वरावर जाताना मींड आपोआप येते. ते हवाई बेटांतून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आले, आणि त्याच कुळातली हवाईयन गिटार मुंबईत व्हॅन शिपलीसारख्यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धुनांसाठी घरोघर पोचवली. ऑलमनच्या रॉकमधले स्लाइड गिटारही याच तत्त्वावर चालते, फक्त कांडीऐवजी बोटात काचेची नळी असते. कंट्रीचा हुंदका आणि रॉकचा आक्रोश दोन्ही तारेवर घसरणाऱ्या स्वरातूनच निघतात. वरवर परके वाटणारे दोन बाज या अल्बममध्ये सांधा न दिसता एकजीव झाले, त्याचे एक कारण वाद्यांच्या या नात्यात आहे.

डिक ग्लासर या निर्मात्याने गाण्यांची निवड दोन्ही बाजूंना जागा देणारी ठेवली. 'लूझिन यू' आणि 'कान्ट यू सी' ही काल्डवेलची गाणी मार्शल टकर बँडच्या 1973 च्या पहिल्याच अल्बममधली. 'ऑन सुझन्स फ्लोअर' हे शेल सिल्व्हरस्टीन आणि व्हिन्स मॅथ्यूज यांचे. भटक्या कलावंतांना घरात पथारी पसरू देणाऱ्या बाईबद्दलची कृतज्ञता त्यात आहे. 'स्टोन्ड अ‍ॅट द ज्यूकबॉक्स' हँकचे स्वतःचे. गुत्त्यातला एकटा माणूस, पेला आणि यंत्रावर वाजणारी विरहगीते असा त्याचा मामला आहे. थोरल्या हँकला ते सहज शोभले असते, आणि तरी गाणारा त्याची नक्कल करत नाही.

अल्बमचा गाभा 'लिव्हिंग प्रूफ' या गाण्यात आहे. गाणारा सांगतो की वडिलांची गाणी गाताना त्यांतले दुःख आपल्याही वाट्याला खरे होत चालले आहे. कार्यक्रमानंतर एक दारुडा येऊन तोंडावर ऐकवतो की तुला बापाची सर नाही आणि यायची नाही. बापासारखी दंतकथा होण्यापेक्षा साधा माणूस म्हणून जगायची इच्छा तो बोलून दाखवतो. 29 व्या वर्षी मेलेल्या बापाचा मुलगा विशी ओलांडून तिशीकडे जाताना हे गातो, म्हणून त्यातली भीती बेतलेली वाटत नाही. कंट्री संगीतात बापलेकांची गाणी पुष्कळ आहेत. वारशाचे ओझे इतक्या सरळपणे मांडणारी थोडीच.

ध्वनिमुद्रण आटोपले आणि 8 ऑगस्ट 1975 रोजी माँटाना-आयडाहोच्या सीमेवरल्या अ‍ॅजॅक्स शिखरावर पायाखालचा बर्फ खचून हँक सुमारे 500 फूट कोसळला. चेहरा आणि कवटी फुटली. शस्त्रक्रियांची मालिकाच झाली आणि बोलणे, गाणे नव्याने शिकावे लागले. पुढे त्याची ओळख बनलेली दाढी, काळा चष्मा आणि रुंद काठाची टोपी मुळात अपघाताच्या खुणा झाकण्यासाठी होती. अल्बम बाजारात आला तेव्हा प्रचाराला गायकच मंचावर नव्हता. त्यातले एकही गाणे पहिल्या दहांत गेले नाही.

यशाला चार वर्षे लागली. 'द न्यू साउथ' हा 1977 चा अल्बम घडवताना कंट्री गायक वेलन जेनिंग्ज त्याच्या पाठीशी उभा राहिला. जेनिंग्ज आणि विली नेल्सन यांनी नॅशव्हिलच्या निर्मात्यांकडून आपल्या गाण्याचा ताबा परत मिळवला होता, त्यामुळे हवाही बदलली होती. 1979 मध्ये 'फॅमिली ट्रॅडिशन' आणि 'व्हिस्की बेंट अँड हेल बाउंड' गाजली. 1982 मध्ये त्याचे नऊ अल्बम एकाच वेळी बिलबोर्डच्या कंट्री यादीत होते. 1987 आणि 1988 अशी लागोपाठ दोन वर्षे त्याला कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा मान मिळाला.

या यशात 1975 च्या अल्बममधले हळवेपण मात्र मागे पडले. दारू, शिकार आणि दक्षिणी अभिमान यांची गाणी वाढली. यादवी युद्ध दक्षिणेने जिंकले असते तर काय झाले असते, हे 1988 मध्ये त्याने उघड अभिमानाने गायले. ते युद्ध दक्षिणेने गुलामगिरी टिकवण्यासाठी लढले होते. रूफस पेनपाशी शिकलेल्या गायकाच्या मुलाने आणि मसल शोल्समध्ये घडलेल्या संगीताच्या मानकऱ्याने ते गावे, ही गोष्ट खटकते. सदर्न रॉकच्या काही बँडांनीही संघराज्यातून फुटलेल्या राज्यांचे निशाण मंचावर मिरवले, तर ऑलमन ब्रदर्समध्ये जेमो हा कृष्णवर्णीय ड्रमवादक पहिल्यापासून होता. या संगीताच्या पोटात दोन्ही परंपरा होत्या. 'अँड फ्रेंड्स'मध्ये ऐकू येते ती मोकळी, सगळ्यांकडून घेणारी परंपरा.

नंतरच्या कंट्री गायकांना त्यातून वाट मिळाली. 1990 च्या दशकात ट्रॅव्हिस ट्रिटने, पुढे माँटगमरी जेंट्री या जोडीने आणि एरिक चर्चने फिडल आणि विजेची कर्कश गिटार शेजारी-शेजारी वाजवली, तेव्हा नॅशव्हिलमध्ये कुणी भुवया उंचावल्या नाहीत. धाकट्या हँकची निवड 2020 मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमसाठी झाली. थोरला हँक तिथे 1961 पासून आहे.